चौदा नंबरची खुर्ची

दत्ताराम मेस्त्री हाइल शहरात खुर्च्या करतो. साध्या खुर्च्या नव्हेत. सोनेरी वर्ख लावलेल्या, पाठीवर वेलबुट्टी, हातांवर सिंहाची तोंडं, अशा खुर्च्या. सौदीतल्या कुठल्याही बऱ्या घरच्या दिवाणखान्यात गेलात तर भिंतीला पाठ लावून अशा पंचवीसेक तरी बसलेल्या दिसतील. त्यांना सगळे 'लुई' म्हणतात.

दत्ताराम मूळचा कुडाळकडचा. घरात तीन पिढ्या सुतारकी. सौदीत आला तो आधी अबकैकला, कारखान्याच्या बांधकामात काँक्रीटसाठी फळ्या ठोकायला. त्या कामात काही कला नव्हती. फळ्या ठोकायच्या, काँक्रीट सुकलं की फळ्या उपटायच्या. पुढे हाइलच्या एका फर्निचरवाल्याने त्याच्या हातातली पटाशी चालताना पाहिली आणि त्याला तिकडे नेलं. तिथे उस्ताद शौकी नावाचा दुमयातचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, कारागीर होता. त्याने दत्तारामला तीन प्रकार शिकवले. लुई चौदा, लुई पंधरा आणि लुई सोळा. चौदाचे पाय जाडजूड आणि चौकोनी, पंधराचे वाकडे, सोळाचे सरळ आणि निमुळते.

दत्तारामने हे साइज म्हणून लक्षात ठेवलं. बुटांना असतात तसे. चौदा नंबर भारी माणसांसाठी, पंधरा बायकांच्या बैठकीसाठी आणि सोळा लहान खोलीसाठी. मोठ्या खुर्चीला लहान नंबर कसा, हा प्रश्न त्याला पडला होता, पण मिसरी लोक उजवीकडून लिहितात तेव्हा नंबरही उलटे असतील, असं त्याने स्वतःचं समाधान करून घेतलं. एकदा त्याने उस्तादला विचारलं, "सतरा नंबर क्यूं नहीं?" उस्तादने स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "खलास." दत्ताराम समजला की माल बंद झाला. उस्ताद पुढे गावी परतला, दत्ताराम मुख्य कारागीर झाला, आणि नंबरांची ही समजूत त्याच्याबरोबर सुखाने म्हातारी होत राहिली.

तिला धक्का बसला तो डॉक्टर सुनीतीबाईंच्या घरी. सुनीतीबाई सरकारी इस्पितळात मुलांच्या डॉक्टर, मूळच्या साताऱ्याच्या. शुक्रवारी सुट्टी असली की दत्ताराम मराठी घरांमधली मोडतोड दुरुस्त करून देई आणि त्या बदल्यात जेवून जाई. त्या दिवशी त्यांच्या जेवणाच्या टेबलाची खुर्ची डुगडुगत होती. त्यांची अकरावीतली मुलगी ईशा टेबलावर मोठा कागद पसरून शाळेचा प्रोजेक्ट करत होती. युरोपातल्या अनियंत्रित राजांवर. कागदावर एका माणसाचं चित्र चिकटवलेलं होतं. डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, अंगावर जाजमाएवढा झगा, आणि पाय असे पुढे केलेले की जणू मोजेच विकायला उभा आहे. मागे सिंहासन होतं.

"ही चौदा नंबरची खुर्ची," दत्ताराम सरस ढवळत म्हणाला.

"अंकल, ये नंबर नहीं है," ईशा म्हणाली. "ये राजा है. लुई द फोर्टीन्थ."

दत्तारामने ढवळणं थांबवलं. "आणि पंधरा?"

"त्याचा पणतू," सुनीतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि सोळावा पंधराव्याचा नातू."

दत्तारामने सरसाची काडी खाली ठेवली. इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला होता की सोळा नंबर लहान खोलीत छान बसतो. मग त्याने भीतभीत सतराव्याची चौकशी केली. सोळाव्याचं लोकांनी मुंडकं उडवलं, आणि सतरावा लहानपणीच कैदेत गेला, तो गादीवर बसलाच नाही, असं बाईंनी सांगितलं. उस्तादचं गळ्यावरून फिरलेलं बोट दत्तारामला आता कळलं. त्याने सतराव्यासाठी मनातल्या मनात हात जोडले आणि पाचर ठोकायला घेतली.

आता हे इथेच थांबलं असतं, पण दत्तारामला त्या दिवसांत खुर्च्यांपेक्षा मोठी चिंता होती. त्याची मुलगी रूपाली हिचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, साखरपुड्याचा दिवस तेवढा धरायचा होता. आणि रूपालीने अट घातली होती. "बाबा, काका गाऱ्हाणा घालूचे नसतीत तर साखरपुडो नको."

कोकणात कुठल्याही शुभकार्याआधी घरातला थोरला पुरुष देवापुढे उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. मेस्त्र्यांच्या घरातला थोरला म्हणजे दत्तारामचा भाऊ आत्माराम. आणि ह्या दोघांचं बोलणं बंद होतं. कारण अगदी राजघराण्याला शोभेल असं होतं. दत्ताराम एकदा रजेवर गेला असताना त्याने देवळाची पालखी नव्याने कोरून दिली. जत्रेत सुतारांच्या मानाचा नारळ दरसाल थोरल्याच्या हातात पडायचा, तो गावकऱ्यांनी त्या साली पालखी करणाऱ्याच्या हातात दिला. दत्तारामने तो घेतला. बस. नारळ त्याच संध्याकाळी आमटीत गेला, पण भांडण टिकलं. दुसऱ्या दिवशी आत्माराम म्हणाला, वेगळे राहू. दत्ताराम म्हणाला, राहू. आणि जायच्या आधी दत्तारामने स्वतःच्या हाताने घराच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. दोन घरं, दोन दारं. भिंत इतकी सफाईदार होती की गावातले लोक बघायला आले. पण रूपाली ज्या काकाच्या सायकलवर पुढे बसून शाळेत गेली, तो काका आता फळ्यांच्या पलीकडे खोकत होता.

आनंदीबाईंनी, म्हणजे दत्तारामच्या बायकोने, दोन्ही बाजूंनी प्रयत्न केले होते. "भावोजी म्हणतत, दत्त्यान आपल्या तोंडान सांगल्यान तर येयन."

"तो थोरलो," दत्ताराम फोनवर म्हणाला. "तेणां आधी इचारूक होया."

"दोगांचा आयकान माझे कान किटले," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तर खुर्चीत पाचर ठोकता ठोकता दत्तारामने सहज विचारलं, की ह्या राजांची लग्नं कशी व्हायची. सुनीतीबाईंना इतिहासाची हौस आणि श्रोत्यांचा दुष्काळ. त्या हात पुसत बाहेर आल्या.

ह्या चौदाव्याने म्हणे मामाची मुलगी केली. मामा म्हणजे स्पेनचा राजा. आणि त्या मामाची पहिली बायको ही चौदाव्याच्या बापाची बहीण.

"म्हणजे साटंलोटं," दत्ताराम म्हणाला. आता त्याला इतिहास समजू लागला.

"साटंलोटंच. आणि तरी दोन्ही घराण्यांचं हाडवैर. पंचवीस वर्षं लढले. शेवटी तह झाला आणि तह पक्का करायला हे लग्न ठरलं. पण कोणी कोणाच्या दारात जायचं? फ्रान्सचा राजा स्पेनमध्ये गेला तर त्याचा मान कमी, स्पेनचा फ्रान्समध्ये आला तर त्याचा. मग हद्दीवरच्या नदीत एक बेट होतं, त्यावर मांडव घातला. मधोमध रेघ. अर्धा मांडव ह्यांचा, अर्धा त्यांचा. दोन दारं. इकडे एक खुर्ची, तिकडे एक खुर्ची, अगदी सारखी. प्रत्येकाने आपल्या गालिच्यावर बसायचं, रेघ ओलांडायची नाही."

"मधे भिंत नव्हती?"

"नाही. नुसती रेघ."

"मग बरं होतं," दत्ताराम म्हणाला.

"बरं कसलं! चौदाव्याची आई त्या मामाची सख्खी बहीण. लग्न होऊन फ्रान्सला गेली ती परत माहेरी गेलीच नव्हती. पंचेचाळीस वर्षांनी भावाला त्या मांडवात पाहिलं. ती त्याच्या गालाचा मुका घ्यायला पुढे झाली. आणि त्याने मान मागे घेतली."

"कित्याक?" दत्तारामच्या तोंडून मालवणी निघून गेलं.

"त्यांच्या दरबारात राजा असं करत नसे."

दत्तारामने खुर्ची उलटी केली, सुलटी केली, जमिनीवर ठेवून हलवून पाहिली. ती आता डुगडुगत नव्हती. "आणि लग्नाचं काय झालं?"

"झालं. मुलीने माहेरच्या गादीवरचं हक्कसोडपत्र लिहून दिलं. जावयाने ते पुढे मानलं नाही. मामाचा मुलगा निपुत्रिक गेला, आणि त्याच्या गादीसाठी अर्धा युरोप बारा-तेरा वर्षं एकमेकांची डोकी फोडत बसला."

"गावोगावी हेच," असं म्हणून दत्ताराम जेवायला बसला. पण त्या दिवशी त्याने भात नीट खाल्ला नाही, आणि बाईंच्या हातची सोलकढी तर तशीच ठेवली. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. त्यांना सोलकढीविषयी आधीच धाकधूक होती.

त्याच आठवड्यात कारखान्याचा मालक रय्यान एक ऑर्डर घेऊन आला. रय्यान हा दत्तारामचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो, वयाने लहान, बापाच्या माघारी धंदा बघणारा. हाइलमधले दोन मोठे म्हातारे, अबू माजिद आणि अबू बद्र, एकमेकांचे चुलतभाऊ. एकाचा गव्हाचा व्यापार, दुसऱ्याचा पाण्याच्या पंपांचा. एका विहिरीवरून त्यांचं बोलणं बंद झालेलं. आता एकाच्या मुलीचं दुसऱ्याच्या मुलाशी जमवून घराण्यांनी गोडी करायची ठरवली होती. शहराबाहेर इस्तिराहा, म्हणजे बागेतलं भाड्याचं घर घेतलं होतं. तिथे दोघांनी समोरासमोर बसायचं. त्यासाठी दोन खुर्च्या हव्या होत्या.

"चौदा नंबर," रय्यान म्हणाला. "दत्ता, दोनों सेम-सेम. ऊपर-नीचे माफी." माफी म्हणजे चालणार नाही.

दत्तारामला नदीतल्या बेटावरचा मांडव आठवला. पण काम त्याने सुरू केलं.

दत्तारामची एक सवय इथे सांगायला हवी. तो कोणालाही नाही म्हणत नाही. त्याच्या घराण्यात कोणीच गिऱ्हाइकाला नाही म्हणालेलं नाही. 'करून देतो' म्हणायचं आणि मग बघायचं. खुर्च्यांचे सांगाडे उभे राहिले तशी एके दुपारी अबू माजिदकडचा एक माणूस खजुराचा डबा घेऊन आला. इकडेतिकडे बघत त्याने दोन बोटं दाखवली. आमच्या म्हाताऱ्याची खुर्ची एवढीच वर. कोणाला दिसणारही नाही. दत्ताराम म्हणाला, "करून देतो."

तो गेल्यावर दत्ताराम विचारात पडला. शब्द तर दिला होता. आणि रय्यानचा हुकूम होता सेम-सेम. मग त्याने दोन्ही खुर्च्यांचे पाय दोन दोन बोटं वाढवले. माणसाला दिलेला शब्द राहिला, मालकाचा हुकूमही राहिला. आपल्या अकलेवर तो खूश झाला.

पुढच्या दिवशी अबू बद्रकडचा माणूस आला. त्याच्याकडे मधाची बाटली होती आणि तीन बोटं. "करून देतो," दत्ताराम म्हणाला. दोन्ही खुर्च्या तीन बोटं वर गेल्या. मग अबू माजिदकडच्या माणसाला कुठून तरी बातमी लागली की पलीकडची खुर्ची वाढली, आणि तो परत आला. मग पलीकडचा परत आला. दत्ताराम प्रत्येकाला हो म्हणाला आणि प्रत्येक वेळी दोन्ही खुर्च्या वाढवत गेला. पायांना खालून ठोकळे लावले, ठोकळ्यांवर नक्षी कोरली, नक्षीवर वर्ख चढवला. फ्रान्सचा आणि स्पेनचा राजा समोरासमोर येते तर ह्या खुर्च्यांवर दोघेही समाधानाने बसले असते. मात्र त्यांना शिडी लागली असती.

रय्यान ह्या काळात रियाधला होता. तो बैठकीच्या आदल्या दिवशी परतला तेव्हा दोन्ही खुर्च्या त्याच्या छातीशी आल्या होत्या. म्हणजे बसायची जागा. पाठ तर दिव्याला टेकत होती. रय्यानने आधी एक खुर्ची पाहिली, मग दुसरी, मग दत्ताराम.

"सेम-सेम," दत्ताराम म्हणाला.

रय्यान खरंच मोजायला लागला. सेम होत्या. पाय कापायला वेळ नव्हता, वर्ख ओला होता. "यल्ला, गाडीत चढव," एवढंच तो म्हणाला.

इस्तिराह्याच्या हॉलमध्ये दत्तारामने दोन्ही खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. लग्न मोडलं तर ते खुर्च्यांमुळे मोडणार, आणि खुर्च्या त्याने केल्या होत्या. आपल्या हातून दुसऱ्याच्या पोरीचं लग्न मोडलं तर देव आपल्या पोरीचं कसं होऊ देईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

दोन म्हातारे दोन दारांतून आले. दोघांच्याही हातात काठी. दोघेही आपापल्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले आणि वर बघू लागले. अबू माजिदने खुर्चीच्या पायावर काठी टेकवून पाहिली, जसं झाडावर चढायच्या आधी लोक बुंधा चाचपतात. मग त्याने पलीकडे पाहिलं. अबू बद्र आपल्या गुडघ्याकडे बघत होता.

"ह्याच्यावर चढणार कोण?" अबू बद्र म्हणाला. इतक्या वर्षांत दत्तारामला अरबी तेवढी समजत होती.

"तू चढ," अबू माजिद म्हणाला. "तू लहान आहेस."

विहिरीच्या भांडणानंतर दोघे पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले होते. अबू बद्रच्या दाढीत हसू फुटलं, मग अबू माजिदच्या, आणि मग दोघेही असे हसले की काठ्या गळून पडल्या. अबू बद्र तिथेच गालिच्यावर बसायला लागला, पण गुडघा अर्ध्यावर अडला. त्याने हात पुढे केला. अबू माजिदने तो धरला, आणि दोघे एकमेकांच्या आधाराने कण्हत कण्हत खाली बसले. कहवा आला. कोण आधी बसलं हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही. खुर्च्यांवर दिवसभर पोरं चढून फोटो काढत होती.

रय्यानने परतताना गाडीत दत्तारामच्या पाठीवर थाप मारली. त्याला वाटलं की दत्तारामने हे मुद्दाम केलं. दत्तारामने ते नाकारलं नाही. पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे अबू बद्रचा पुढे आलेला हात होता.

शुक्रवारी सकाळी कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत बसून त्याने आत्मारामचा नंबर काढला. नंबर होता, भांडण झालं तरी नंबर कोणी पुसत नाही. त्याने व्हिडिओ कॉल लावला, कारण आता लपून बोलण्यात अर्थ नव्हता. बराच वेळ वाजला. मग पडद्यावर आत्माराम आला. केस पार पांढरे झालेले. गाल बसलेले. दत्तारामला रडू यायला लागलं.

"दादा," तो म्हणाला. "मी दत्ताराम."

आत्मारामने मान मागे घेतली.

पूर्ण मागे. हनुवटी गळ्यात रुतेपर्यंत. मांडवातला तो राजा, पुढे झालेली बहीण, सगळं त्याला दिसलं, आणि आता फोन बंद होणार म्हणून त्याने डोळे मिटले.

"माका दिसणा नाय रे," आत्मारामचा आवाज आला. "चष्मो खय ठेवलंय देव जाणा. थांब, बंद करू नको."

पलीकडे भांडी पडल्याचा आवाज झाला. मग चष्म्यासकट आत्माराम परत आला आणि फोनवर इतका वाकला की नुसतं नाकच दिसायला लागलं. "म्हातारो झालस रे दत्त्या."

"रूपालीचो साखरपुडो हा, दादा. गाऱ्हाणा तू घालूक होया."

"दोन म्हयने झाले, तोंडपाठ करून बसलंय," आत्माराम म्हणाला. "आधी कित्याक नाय बोललंस?"

दत्तारामने मग साखरपुडा कधी धरायचा ते विचारलं.

साखरपुडाही शुक्रवारीच धरला. दत्तारामला रजा लग्नापुरतीच होती, म्हणून तो फोनवरूनच हजर राहिला. कॅम्पात देवाचं काही मोठ्याने करायचं नसतं. खोलीतल्या सुशांतने, कणकवलीच्या एसी मेकॅनिकने, दार लावलं, एसी भरधाव सोडला आणि दत्तारामच्या फोनचा माइक बंद करून दिला, म्हणजे इकडची खडखड तिकडे नको. मग खोलीतले पाचही कोकणी खाटांवर ओळीने बसले.

पडद्यावर आत्माराम टोपी घालून देवापुढे उभा होता. मागे रूपाली, नव्या साडीत, डोळे पुशीत. तिच्यामागे दोन घरांची माणसं दाटीवाटीने. फळ्यांच्या भिंतीतून मधल्या पाच-सहा फळ्या काढलेल्या दिसत होत्या.

"बा देवा रवळनाथा," आत्मारामने आवाज लावला, "ह्या चेडवाचो साखरपुडो निर्विघ्न पार पाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. हाइलमधले पाचजणही म्हणाले, आवाज दाबून.

"दोनय घरांचा बरा कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि जो कोण आपल्याच घरात फळ्यो मारून सात समुद्रापलीकडे खुर्च्यो करूक गेलो हा, तेका अक्कल दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" तिकडे हशा पिकला.

"आणि तेच्या थोरल्या भावाकव. उरली आसात तर थोडी."

"व्हय महाराजा!"

आता नारळ फोडायचा. पण आत्माराम थांबला. तो वळला, चष्मा नाकावर वर सरकवला आणि फोनकडे बघत म्हणाला, "दत्त्याचो व्हय खय? माका आयकूक नाय येणा."

रूपाली फोनजवळ आली. आत्माराम नारळ हातात धरून तसाच उभा राहिला. ते उत्तर आल्याशिवाय तो फोडणार नव्हता, हे त्याच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. सुशांतने घाईघाईने बोट पुढे करून माइक चालू केला.

"व्हय महाराजा," दत्ताराम म्हणाला. आवाज दाबून म्हणायचं होतं हे तो विसरला. शेजारच्या खोलीतल्या पेशावरच्या पॉलिशवाल्याने भिंतीवर थाप मारून विचारलं, काय झालं. पडद्यावर आत्मारामने नारळ फोडला आणि त्यातलं अर्धं भकल कॅमेऱ्यापुढे धरलं.

"ह्या तुजा," तो म्हणाला. "येशीत तेवा दुसरा देतंय, ह्या आता आमटीत घालतंव."